सरकारी मदत मुरते कोठें?

शेतकऱ्यास सरकारनें साह्य करावें कीं नाहीं, हा वाद आतां जुना झाला. साह्य करावें हें सर्व पक्षांस मान्य आहे. निवडणुकीच्या जाहीरनाम्यांत तर आश्वासनांस वाण नसते. खरा प्रश्न त्यापुढचा आहे, आणि तो फारसा कोणी विचारीत नाहीं. सरकारी तिजोरींतून निघालेला रुपया गांवाच्या शिवारांत येऊन पडल्यावर तेथें मुरतो, कीं वळवाच्या पाण्याप्रमाणें माती घेऊन नाल्यावाटे निघून जातो? पावसाच्या पाण्याविषयीं हा प्रश्न विचारण्यास आमचा जालना जिल्हा गेल्या तीस वर्षांत शिकला. पैशाविषयींहि तो तितक्याच काटेकोरपणें विचारला पाहिजे, असें आम्हांस वाटतें. प्रस्तुत लेखांत त्याचाच विचार करण्याचें योजिलें आहे.

लहान धारण, मोठी जोखीम

जालना हा तसा नवा जिल्हा. औरंगाबाद व परभणी या जिल्ह्यांतील भाग काढून १ मे १९८१ रोजीं तो बनविण्यांत आला. आज त्यांत जालना, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद, अंबड, घनसावंगी, परतूर व मंठा असे आठ तालुके आहेत. दक्षिणेच्या सीमेवरून गोदावरी वाहते, व अंबड-घनसावंगीकडील कांहीं गांवांस पैठणच्या जायकवाडी धरणाच्या डाव्या कालव्याचें पाणी लाभतें. इतरत्र दुधना, पूर्णा, कुंडलिका, गिरजा या नद्या आहेत खऱ्या. परंतु पावसाळा सरला कीं त्यांचा ओघ लवकरच क्षीण होतो. म्हणजे बहुतेक शेतकऱ्यांची भिस्त आभाळावर व विहिरीवर. कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी हीं पिकें आणि मोसंबी व द्राक्षें यांच्या बागा याच भिस्तीवर उभ्या आहेत.

आणि ही शेती करणारा कोण? १९७०-७१ च्या कृषिगणनेंत महाराष्ट्रांतील सरासरी धारण ४.२८ हेक्टर, म्हणजे साडेदहा एकर होती. २०१५-१६ च्या गणनेंत ती १.३४ हेक्टरांवर, म्हणजे सव्वातीन एकरांवर आली. भाऊवांटणी होत गेली, बांध वाढत गेले, पण जमीन कांहीं वाढली नाहीं. ज्या शेतींत मालकहि घरचा, मजूरहि घरचा आणि तोट्याचा वांटेकरीहि घरचाच, ती कुटुंबशेती होय. संयुक्त राष्ट्रसंघानें २०१४ हें वर्ष कुटुंबशेतीचें म्हणून पाळलें व पुढें २०१९ ते २०२८ हें सारें दशक तिच्या नांवें लाविलें. आमच्या मुलखास मात्र ही कल्पना अगदींच नवी नव्हे. हैदराबाद राज्याचा १९५० चा कूळकायदा १९५४ सालीं सुधारण्यांत आला, तेव्हां कुटुंबधारणेचें माप त्यांत घातलें गेलें होतें. शेतीचा विचार कुटुंब हें एकक धरून करावा लागतो, ही गोष्ट त्या काळच्या कायदेकारांसहि उमगली होती.

सव्वातीन एकरांच्या कुटुंबास एक हंगाम बुडाला तर तो कसाबसा सोसतां येतो. लागोपाठ दोन बुडाले तर सावकाराचें दार गांठावें लागतें. बागाइतदाराची स्थिति तर याहून नाजूक. मोसंबीचें झाड लावल्यापासून बहार धरण्याजोगें होईपर्यंत पांच-सहा वर्षें जातात. २०१२-१३ च्या दुष्काळांत आपल्या जिल्ह्यांतील कित्येक बागा वाळल्या. कोणी टँकरनें पाणी घालून झाडें जगविलीं, कोणी डोळ्यांदेखत त्यांस कुऱ्हाड लाविली. ज्यांची बाग गेली त्यांचें त्या वर्षाचें उत्पन्न तर गेलेंच, पण मागील पांच वर्षांची मेहनत व पुढील पांच वर्षांची आशा हींहि गेलीं. अशा कुटुंबाच्या हातीं नंतर पडणारी नुकसानभरपाई, कितीहि उदार असली, तरी ती वाळलेल्या खोडास पालवी फोडूं शकत नाहीं.

जुन्या कायद्यांतील एक भेद

सरकारी साह्याचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट ध्यानांत येते. इंग्रजी अमलांत तगाईचे दोन निरनिराळे कायदे झाले. १८८३ चा कायदा जमीन सुधारणेच्या कर्जाचा. त्याखालीं विहीर, बांध अशा टिकाऊ कामांसाठीं दीर्घ मुदतीची रक्कम मिळे. १८८४ चा कायदा बी, बैल, वैरण अशा हंगामी गरजांच्या कर्जाचा. आपला मुलूख त्या वेळीं निजामाच्या राज्यांत असल्यामुळें हे कायदे येथें लागू नव्हते. परंतु त्यांतील भेद मात्र सर्वत्र लागू पडणारा आहे. जमिनींत कायमचें घर करून राहणारें साह्य वेगळें, आणि हंगामांत खपून जाणारें साह्य वेगळें. दोन्हींची गरज असते. पण एकाचें काम दुसऱ्यानें होत नाहीं.

हाच भेद १९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्रानें पुन्हां अनुभवला. वि. स. पागे यांच्या कल्पनेंतून निघालेली रोजगार हमी योजना त्या संकटांत राज्यभर उभी राहिली. १९७७ सालीं तिचा कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलांत आला. खर्चाची तजवीज व्हावी म्हणून १९७५ पासून नोकरदार व व्यावसायिक यांजवर व्यवसाय-कर बसविण्यांत आला. शहराच्या पगारांतून खेड्याच्या मजुरीची सोय करणारी ही व्यवस्था विरळाच म्हणावी लागेल. त्या मजुरींतून जेथें नुसती खडी फुटली, तेथें लोक जगले एवढाच लाभ झाला. अर्थात् तोहि लहान नव्हे. जेथें पाझर तलाव झाले, तेथें मात्र त्याच मजुरीनें दोन पिढ्यांच्या विहिरींस पाणी पुरविलें. पुढें अनेक तलाव गाळानें भरले, कारण तलाव बांधणारें खातें होतें, पण गाळ काढणारें धनी कोणी नव्हतें. २०१७ सालीं ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना निघाली, तेव्हां ती उणीव कांहीं अंशीं भरून निघूं लागली. गाळ तलावांतून शेतांत गेला म्हणजे तलावाची पोकळीहि वाढते व हलक्या रानाचा कसहि वाढतो.

हातांत पडणारी रक्कम

आजचें साह्य प्रामुख्यानें रोख रकमेच्या रूपानें येतें. २०१९ च्या फेब्रुवारींत केंद्र सरकारनें पंतप्रधान किसान सन्मान निधि सुरू केला; त्यांत वर्षास ६,००० रुपये तीन हप्त्यांनीं खात्यावर जमा होतात. २०२३ सालीं राज्य सरकारनें नमो शेतकरी महासन्मान निधीच्या रूपानें तितकीच भर घातली. मिळून १२,००० रुपये होतात. महिन्यास हजार, दिवसास सुमारें ३३. ही रक्कम आम्ही तुच्छ लेखीत नाहीं. मृगाच्या तोंडावर बियाण्याची एक पिशवी उधारीवाचून घरांत येणें याचें मोल लहान शेतकऱ्यासच कळतें. परंतु या रकमेनें शेतीची जोखीम कमी होत नाहीं, हेंहि तितकेंच खरें. शिवाय ही रक्कम सातबाऱ्यावरील नांव पाहून येते. बटाईनें कसणाऱ्यास तींतून कांहीं मिळत नाहीं. आणि ज्या घरांत खुरपणी, वेचणी, दुभतें सारें घरच्या लक्ष्मीच्या हातून होतें, तेथेंहि उताऱ्यावर तिचें नांव क्वचितच असतें. हा दोष दूर करणें सरकारपेक्षां आपल्याच हातीं अधिक आहे.

पीकविम्याचें पाहा. २०१६ सालीं पंतप्रधान पीक विमा योजना आली. २०२३ च्या खरिपापासून महाराष्ट्रांत शेतकऱ्यानें केवळ एक रुपया भरावा, बाकी हप्ता सरकार भरील, अशी सवलत झाली. अर्जांची संख्या फुगली, बनावट अर्जांचे प्रकारहि उघडकीस आले, आणि २०२५ च्या खरिपापासून ती सवलत बंद करण्यांत आली. आतां खरिपाच्या अन्नधान्य व गळीत पिकांस विमा-रकमेच्या दोन टक्के, रबीस दीड टक्का व नगदी पिकांस पांच टक्क्यांपर्यंत हप्ता शेतकऱ्यानें भरावयाचा आहे. जें फुकट मिळतें त्याची राखण कोणी करीत नाहीं, आणि राखण नसली कीं तें फार दिवस टिकत नाहीं, हा यांतील बोध आहे.

आपत्तीच्या अनुदानाची कथा याहून उद्वेगजनक आहे. अतिवृष्टीच्या अनुदानाच्या वाटपांत अंबड व घनसावंगी तालुक्यांत गैरव्यवहार झाल्याचें २०२५ सालीं चौकशींत दिसून आलें व महसुलाच्या कांहीं कर्मचाऱ्यांस निलंबित करण्यांत आलें. त्याच वर्षीं सप्टेंबरांत मराठवाड्यावर पुन्हां अतिवृष्टि कोसळली, उभीं पिकें पाण्याखालीं गेलीं व नदीकांठच्या जमिनी खरडून गेल्या. ज्या शेतकऱ्याच्या नांवचा पैसा आधीं दुसऱ्यानेंच नेला, त्याच्या मनांत नव्या पंचनाम्याविषयीं काय विश्वास उरावा? लाभार्थ्यांची यादी चावडीवर लागली असती, ग्रामसभेंत मोठ्यानें वाचली गेली असती, तर परगांवच्या वा भूमिहीन नांवावर बागाइतीचें अनुदान निघणें सोपें नव्हतें. ‘कोठें तरी पाणी मुरतें आहे’ असें आपण म्हणतों, तें अशाच ठिकाणीं.

कडवंचीचा दाखला

याच जिल्ह्यांत साह्य मुरल्याचा दाखलाहि आहे, व तो दूर नाहीं. जालना तालुक्यांतील कडवंची हें गांव तीस वर्षांपूर्वीं कोरडवाहू व डोंगरउताराचें होतें. १९९६ सालीं तेथें इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाखालीं काम सुरू झालें. पैसा जर्मनीच्या साह्याचा, व्यवस्था नाबार्डची, आणि प्रत्यक्ष काम करून घेणारी संस्था आपली मराठवाडा शेती साहाय्य मंडळ. तिच्याच खरपुडी येथील कृषि विज्ञान केंद्राचे कार्यकर्ते गांवांत जाऊन बसले. विजयअण्णा बोराडे यांचें मार्गदर्शन या कामास लाभलें. सुमारें १,९०० हेक्टरांच्या शिवारावर माथ्याकडून पायथ्याकडे अशा क्रमानें काम झालें. डोंगरमाथ्यावर सलग समपातळी चर, शेतांत बांधबंदिस्ती व जादा पाणी काढून देणारे सांडवे, आणि शेवटीं नाल्यांत दगडी, मातीचे व सिमेंटचे बंधारे.

या क्रमाचें महत्त्व पुष्कळांस कळत नाहीं. माथा मोकळा ठेवून नुसता नाला अडविला तर एक-दोन पावसाळ्यांत बंधारा गाळानें भरतो, आणि ठेकेदार मात्र आपलें बिल घेऊन गेलेला असतो. माथ्यावर पाण्याचा वेग मोडला म्हणजे माती जागीं राहते, पाणी हळूहळू खालीं उतरतें व विहिरीस पाझर लागतो. कडवंचीच्या विहिरींस हा पाझर लागला, आणि ज्वारी-बाजरीचें तें गांव हळूहळू द्राक्षबागांचें गांव झालें. २०१२-१३ च्या दुष्काळांतहि तेथील शेतकऱ्यांनीं आपल्या बागा राखल्या, हें जिल्ह्यानें पाहिलें.

येथें एक प्रश्न विचारण्याजोगा आहे. बंधारे तर इतर गांवांतहि झाले. १९७२ पासून या जिल्ह्यांत मातीकामावर थोडा पैसा खर्च झालेला नाहीं. मग कडवंचीस जें साधलें तें सर्वत्र कां साधलें नाहीं? आमच्या मतें याचें उत्तर त्या कार्यक्रमाच्या अटींत आहे. गांवानें आधीं श्रमदान करून दाखवावें, मगच पैसा यावा. माथ्यावरील रानांत मोकाट चराई व वृक्षतोड बंद व्हावी. कामावर देखरेख करणारी पाणलोट समिति ग्रामसभेनें निवडावी. काम पुरें झाल्यावर डागडुजीसाठीं निधि गांवापाशीं शिल्लक राहावा. या अटी पाळणें सोपें नव्हतें. चराईबंदी म्हणजे शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्या गरीब घरावर पहिला भार; त्यास वैरण कोठून मिळावी, याचा विचार इतर घरांनीं करावा लागतो. श्रमदान म्हणजे ज्याचें शेत पायथ्याशीं आहे त्यानें माथ्यावर जाऊन दुसऱ्याच्या बांधावर घाम गाळणें. परंतु ज्या कामांत आपला घाम मिसळला, त्या कामाचा सांडवा फुटला तर माणूस रात्रीं कंदील घेऊन धांवतो. सरकारी मालकीचा सांडवा फुटला तर तो सकाळीं तहसील कचेरींत अर्ज देतो. साह्य मुरणें व न मुरणें यांतील सारें अंतर एवढेंच आहे.

शेततळ्याचें गणित

आतां एका नाजूक विषयाकडे वळलें पाहिजे. आमचे अनेक वाचक शेततळ्याचे धनी आहेत, त्यांनीं पुढील मजकूर राग न धरतां वाचावा. २०१६ सालीं ‘मागेल त्याला शेततळें’ ही योजना आली व त्यांत कमाल ५०,००० रुपयांचें अनुदान ठरलें. फलोत्पादन अभियानाखालीं सामूहिक शेततळ्यांस व त्यांतील प्लास्टिक अस्तरासहि अनुदान मिळूं लागलें. मूळ हेतु उत्तम होता. पावसांत वाहून जाणारें पाणी शेतांतच सांठवावें व खंड पडल्यास पिकास एक-दोन पाळ्या द्याव्या. परंतु प्रत्यक्षांत अनेक ठिकाणीं काय होतें? ओढ्याचें पाणी तळ्यांत वळविण्याऐवजीं पावसाळ्याच्या शेवटीं विहिरीवर पंप लावून भूगर्भांतील पाणी उपसून तळें भरलें जातें. म्हणजे सर्वांच्या मालकीचें पाणी एकाच्या खात्यावर जमा होतें. सामूहिक या नांवाखालीं एकाच घरचीं दोन नांवें लागलेलींहि आढळतात.

याचा हिशेब मांडून पाहूं. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल असें तळें, बाजूंस एकास एक उतार धरल्यास, सुमारें २२ लाख लिटर पाणी सांठवितें. त्याचा पृष्ठभाग ९०० चौरस मीटर. एप्रिल-मे महिन्यांच्या उन्हांत उघड्या पाण्याची पातळी रोज सुमारें आठ मिलिमीटर उतरते असें धरलें, तर त्या एका तळ्यांतून दिवसास सुमारें ७,००० लिटर पाणी हवेंत जातें, आणि दोन महिन्यांत चार लाख लिटरांच्या वर. म्हणजे सांठ्याचा जवळजवळ पांचवा हिस्सा. हेंच पाणी भूगर्भांत राहिलें असतें तर त्यास उन्हाची झळ लागली नसती.

गांवाचा हिशेबहि पाहावा. एका हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. उदाहरणादाखल १,००० हेक्टरांच्या शिवारावर ६०० मिलिमीटर पाऊस झाला असें समजूं. तें पाणी ६०० कोटि लिटर झालें. आपल्या काळ्या पाषाणाच्या मुलखांत त्याचा साधारण दहावा हिस्सा भूगर्भांत मुरतो असें धरलें, तर गांवाच्या विहिरींचें वर्षाचें उत्पन्न ६० कोटि लिटर. त्या गांवांत वरील मापाचीं १०० शेततळीं विहिरींवरून भरलीं, तर २२ कोटि लिटर, म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग, शंभर घरांनीं दिवाळीच्या आंतबाहेर उचलला. मग ज्याची विहीर उथळ, ज्याच्यापाशीं तळ्याइतकी मोकळी जमीन नाहीं, त्यानें रबीच्या हरभऱ्यास पाणी कोठून द्यावें? त्यास विंधनविहिरीसाठीं कर्ज काढावें लागतें. शेजारीहि मग आणखी खोल जातो, व ही स्पर्धा कोणाच्याच हिताची ठरत नाहीं. सरकार एका हातानें पाणी मुरविण्यास पैसा देतें आणि दुसऱ्या हातानें तेंच पाणी उपसून ठेवण्यास अनुदान देतें. बंधारे व तळीं या दोहोंचे आंकडे मात्र दोन निरनिराळ्या अहवालांत यशाचे म्हणून छापले जातात.

शेततळें वाईट, असा याचा अर्थ कोणी करूं नये. दुष्काळांत बागा तगल्या त्या याच तळ्यांनीं. आमचें म्हणणें एवढेंच, कीं तळें हें औताप्रमाणें एकट्याच्या मालकीचें साधन नव्हे. बैल ज्याचा त्याचा असतो; पाणी जमिनीखालीं बांध मानीत नाहीं. म्हणून तळें ओढ्याच्या पाण्यावर भरावें, आणि विहिरीवरून भरावयाचें तर किती, हें गांवानें ठरवावें. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम २००९ मध्यें ६० मीटरांहून खोल विहिरींस बंधन घातलेलें आहे. कायदा पुस्तकांत आहे. त्याचा पहारेकरी मात्र गांवच होऊं शकतो. नगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार गांवानें सिंचनासाठीं विंधनविहिरी घ्यावयाच्या नाहींत असें स्वतः ठरविलें, व तेथें दर वर्षीं पावसाचें माप घेऊन, पाण्याचा ताळेबंद मांडून, मग पिकें ठरविलीं जातात. २०१८ सालीं जागतिक बँकेच्या साह्यानें सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषि संजीवनी प्रकल्पांत आपला जिल्हाहि होता, व गांवाचा पाण्याचा ताळेबंद हा त्या प्रकल्पाचा एक पाया होता. तेव्हां ही रीति कोणास अपरिचित नाहीं.

विद्या व बाजार

जमिनींत मुरणारें साह्य केवळ मातीकामाचेंच असतें असें नव्हे. जालन्याचा बियाण्याचा धंदा आज देशांत नांवाजला आहे. त्याचा आरंभ पाहिला तर दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेनें काढलेल्या पुसा सावनी या भेंडीच्या वाणाचें बियाणें बद्रीनारायण बारवाले यांनीं येथें वाढविण्यास घेतलें, १९६४ सालीं महिको ही कंपनी काढली, आणि गांवोगांवच्या शेतकऱ्यांस बीजोत्पादनाचें काम मिळत गेलें. १९९८ सालीं बारवाले यांस जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. सरकारी प्रयोगशाळेंतील एका वाणानें खाजगी उद्योगास व कुटुंबशेतीस असा आधार दिला. बदनापूरच्या संशोधन केंद्राचें काम याच जातीचें. तेथील बी. डी. एन. ७११ ही तूर लवकर तयार होत असल्यामुळें हलक्या व मध्यम रानांत शेवटच्या ओलीच्या टंचाईंतून निसटते. असें वाण हें असें साह्य आहे, कीं जें एकदां मिळालें म्हणजे दर वर्षीं पुन्हां अर्ज करावा लागत नाहीं.

रेशमाचें उदाहरणहि बोलकें आहे. तुतीच्या लागवडीस रोजगार हमींतून मजुरी मिळूं लागली, तेव्हां घरच्या माणसांनीं घरच्या रानांत केलेल्या कामाचा दाम घरांत येऊं लागला. परंतु कोष विकण्यास कर्नाटकांतील रामनगरपर्यंत जावें लागे. वाटखर्च, मुक्काम, आणि परक्या बाजारांतील भाव पदरांत पाडून घेणें, हें लहान शेतकऱ्यास झेपणारें नव्हतें. २०१८ सालीं जालन्याच्या बाजार समितींत कोषांची खरेदी सुरू झाली व ही अडचण पुष्कळ हलकी झाली. जवळचा बाजार, उघडा लिलाव व रोख पैसा हेंहि एक साह्यच होय. आणि तें सातबाऱ्यावर किती क्षेत्र आहे हें न विचारतां एका एकराच्या धन्यासहि तितकेंच उपयोगी पडतें.

आपल्या हातीं काय आहे

सरकारनें काय करावें हें सांगणारे पुष्कळ आहेत. आम्हीं आपल्या वाचकांस, म्हणजे ज्यांच्या नांवें जमीन आहे व ज्यांचा शब्द ग्रामसभेंत ऐकला जातो अशा शेतकरी बंधूंस, कांहीं सूचना कराव्या हें अधिक बरें.

पहिली सूचना अशी, कीं प्रत्येक गांवानें एक पर्जन्यमापक ठेवावा व रोजचा पाऊस चावडीच्या फळ्यावर लिहावा. परतीचा पाऊस सरतांच, रबीच्या पेरणीपूर्वीं, ग्रामसभेंत पाण्याचा जमाखर्च मांडावा. विहिरींवरून तळीं भरण्याची मर्यादा त्याच सभेंत ठरावी, आणि ती सर्वांत मोठ्या तळ्याच्या धन्यानें प्रथम पाळावी. मोठ्यानें पाळल्यावांचून लहान पाळीत नाहीं.

दुसरी सूचना, कोणत्याहि अनुदानाची यादी गांवांत मोठ्यानें वाचली जाईल असा आग्रह धरावा. यादींत आपलें नांव आहे एवढें पाहून उठून जाऊं नये. जें नांव नसावयास पाहिजे तें आहे काय, आणि जें असावयास पाहिजे तें राहिलें काय, हेंहि पाहावें.

तिसरी, डागडुजीचा निधि. ज्यांच्या विहिरींस बंधाऱ्याचा पाझर लागतो त्यांनीं एकरीं थोडी वर्गणी दर वर्षीं काढून ठेवावी. सरकार नवा बंधारा देतें, जुन्याचा गाळ काढण्यास क्वचितच येतें.

चौथी, घरांतील कर्त्या स्त्रीचें नांव उताऱ्यावर लावावें. मालकाच्या मागें तिनेंच शेती सांभाळावयाची असते, आणि कागदावर नांव नसलें तर कर्ज, विमा वा अनुदान यांपैकीं कांहींच तिच्यापर्यंत पोंचत नाहीं.

पांचवी, पुढाऱ्यांपाशीं मागणें मागतांना रोख रकमेच्या आधीं पाणलोटाचें अपुरें काम, जवळचा बाजार व बदनापूर-खरपुडीसारख्या केंद्रांस पुरेसे माणूसबळ यांची मागणी करावी. मागणी जशी असेल तसेंच साह्य येतें, हा लोकशाहीचा नियम आहे.

सरकारें बदलतात, योजनांचीं नांवें बदलतात, एक रुपयाची सवलत येते व जाते. शिवार मात्र तेंच राहतें, व त्यांत जें मुरलें असेल तेंच पुढच्या पिढीच्या विहिरींत उतरतें. येत्या ग्रामसभेंत वरील पांचांपैकीं एक गोष्ट जरी वाचकांनीं आपल्या गांवीं सुरू केली, तरी या लेखाचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.